भिंतीवर पाय द्यायचा नाही

माती माझ्या मांडीपर्यंत आली होती, मॅडमच्या गळ्यापर्यंत. धूळ एवढी की स्वतःचा हात दिसेना. चाचपत गेले तर आधी मॅडमची टोपी हाताला लागली, मग कान, मग नाक. नाकातून गरम हवा येत होती. म्हणजे बाई जिवंत होती.

"कौसामावशी," मॅडम म्हणाल्या, "सेक्शन गेला का हो?"

"तुमच्या छातीवर बसला हाय तो," मी म्हटलं. "आता तोंड बंद ठेवा. माती जाईन."

सेक्शन म्हणजे काय ते सांगते. जुनं गाव खोदायचं तर कसाही खड्डा करत नाहीत. दोरी लावून चौकोन आखतात आणि तो सरळ खाली नेतात. त्याला ट्रेंच म्हणतात. ट्रेंचची उभी कापलेली बाजू म्हणजे सेक्शन. त्यावर मातीचे थर दिसतात. राख, पुराचा गाळ, पुन्हा राख. शिकलेल्यांना ते थर वाचता येतात. मी चौथी पास. माती कुठं बदलली एवढं माझ्या हाताला कळतं, का बदलली ते सरांना विचारावं लागतं.

आमचं गाव अकोला आणि अमरावतीच्या मधे, पूर्णेच्या काठाला. गावाबाहेर एक टेकाड आहे, त्याला आम्ही पांढरी म्हणतो. शेताची माती काळी. जिथं कधीकाळी माणसं राहून गेली तिथली माती राखेसारखी भुरी. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक ती बैलबंड्या भरून नेत. मग विद्यापीठाचे सर आले आणि म्हणाले, माती नेऊ नका, खाली शहर आहे. गाव हसलं. पुढच्या उन्हाळ्यात शहर निघालं.

तेव्हापासून मी खोदकामावर आहे. आधी घमेलं उचलायला होते, मग सरांनी हातात ब्रश आणि खुरपी दिली. पुढं सर जिथं काम घेत तिथं मला बोलवत. शेतातल्या निंदणीपेक्षा हे काम बरं. उन्हातच बसायचं, पण निदान रोज काही नवं निघतं.

माती अंगावर आली त्या वर्षी आम्ही पांढरीतच एका मोठ्या विटांच्या इमारतीवर होतो. लांबलचक खोल्या, मधून नाली, बाजूला हौद. सर म्हणाले, हे कोणाचं घर नाही, ही सार्वजनिक इमारत आहे. रोमची जहाजं कोकणच्या किनाऱ्याला लागायची, त्या काळातली. तिथून माल बैलांवर लादून इकडं यायचा. एका खोलीत परदेशी रांजणाचे तुकडे निघाले, एकाचा धरायचा कान शाबूत होता. सर म्हणाले, यातून तिकडची द्राक्षाची दारू यायची.

"सार्वजनिक इमारत अन् आतमदी दारू," गुलाबराव म्हणाले. "म्हंजे ग्रामपंचायतच हाय सर."

गुलाबराव आमचे टिकासवाले, टिकाव मारणारे. हात एकदम सरळ, तोंड वाकडं.

कामावर नियम पुष्कळ. मोजून ड्रॉइंग केल्याशिवाय वीटही हलवायची नाही. पण एका नियमावर सर अडून बसत. भिंतीवर पाय द्यायचा नाही. दोन हजार वर्षं ओल खाऊन विटा बिस्किटासारख्या झालेल्या असतात. पाय पडला की काठ गेलाच. माझी वहिनी सुमन एकदा घमेलं घेऊन भिंतीवरून सरळ पलीकडं उतरली. सरांनी काम थांबवून सगळ्यांना गोळा केलं.

"सुमनबाई, सासऱ्याच्या छातीवर पाय द्याल का?"

"तुमी माया सासरा पाह्यला नाई सर," सुमन म्हणाली.

सगळे हसले, पण त्यानंतर कोणी भिंत ओलांडली नाही. चपला काठावर काढायच्या, भिंत आली की वळसा घालायचा. चुकून पाय लागलाच तर विटेला हात लावून नमस्कार करायचा. हे सरांनी नव्हतं सांगितलं, ते आमचं आम्हीच सुरू केलं.

आता त्या दिवसाचं. दिल्लीहून एक मोठे साहेब काम पाहायला येणार होते. पुढच्या वर्षीची परवानगी त्यांच्या हातात. म्हणून मांडव टाकायचा ठरला. सपाट जागा एकच, जिथं आम्ही ट्रेंचमधली माती नेऊन टाकायचो ती. त्याला डंप म्हणतात, तो ट्रेंचपासून लांब ठेवायचा असतो. आता तिथं मांडव, मग माती कुठं टाकायची?

"साहेब जाईपर्यंत इथंच काठावर टाका," सर म्हणाले. "नंतर हलवू."

आम्हाला बरंच झालं. लांब चालणं वाचलं. काठावर मातीचा ढीग कमरेइतका झाला.

त्यात फोटो काढायचा होता. सेक्शन वाळला की सगळे थर एकाच रंगाचे दिसतात. म्हणून फोटोआधी त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारतात, रंग उठून येतात. आमच्याकडं त्यासाठी कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप होता, नवा घेतलेला. गुलाबराव पंप घेऊन उभे. केतकी मॅडम आमच्या ट्रेंचच्या मुख्य, पुण्याच्या, अंगानं काडी. त्या खालून म्हणाल्या, "अजून थोडं, गुलाबराव. राखेचा थर दिसत नाहीये."

गुलाबरावांनी मारलं. मॅडम म्हणाल्या अजून. गुलाबरावांनी बोंडअळी लागल्यासारखं मारलं. पांढरीची माती राखेची. ती पाणी पिते तोवर पिते, मग सोडून देते. वर ढिगाचं ओझं, खाली ओल. मॅडम सेक्शनसमोर बसून तळ साफ करत होत्या, पाठीशी विटांची भिंत. मी बाजूला उभी राहून घमेलं भरत होते. आवाज झाला नाही. नुसती बाजू खाली बसली, म्हैस बसते तशी.

वरून अजून ढेकळं पडत होती. मी हातातलं घमेलं मॅडमच्या डोक्यावर पालथं धरलं. धूळ जरा बसली तसं वर गुलाबरावांचं तोंड दिसलं.

"काठावर येऊ नोका!" मी ओरडले. "तुमच्या पायाखालची बी येईन!"

"जित्या हा का व?"

"मेली असती तं बोलली असती का? सरले बलावा!"

मी एका हातानं घमेलं धरलं आणि दुसऱ्यानं मॅडमच्या गळ्याजवळची माती काढायला लागले. जेवढी काढावी तेवढी वरून घसरे. मॅडम आधी बोलत होत्या, फोटो झाला नाही, थर गेले, असं काहीबाही. मग गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मावशी, श्वास आत जात नाहीये." तोंड निळसर दिसायला लागलं. माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, त्या जागेत माती बसते. पुढचा श्वास तेवढा लहान. माझे पाय रुतलेले, मला वाकताही धड येईना.

सर मांडवातून पळत आले. वरून येता येत नाही हे त्यांनी पाहिलं. भिंतीच्या पलीकडची खोली आम्ही आधीच खोदून रिकामी केली होती. मॅडमची पाठ त्या भिंतीला.

"पलीकडून भिंत फोडा," सर म्हणाले. "माती तिकडं सांडेल. चला, लवकर!"

सगळे पळाले. आणि मी इकडून छातीइतक्या भिंतीवरून पाहते तर एकही माणूस सरळ येईना. सगळी रांग पहिल्या भिंतीला वळसा घालून, नालीला वळसा घालून, हौदाच्या बाजूनं. दोघींनी काठावर चपला काढल्या. सुमनचा पाय एका विटेला लागला तर तिनं थांबून नमस्कार केला.

"सुमे!" मी ओरडले. "मॅडम मरून राहिल्या अन् तू पाया काय पडतं!"

"सवय लागली ना बाप्पा!" सुमन रडवेली झाली.

गुलाबराव टिकास घेऊन भिंतीसमोर पोचले आणि थांबले. एवढी वर्षं ज्या हाताला विटेजवळ गेला की हलका हो, असं शिकवलं, तो हात उचलेना.

"मारा!" सर म्हणाले.

"कोनती वीट, सर?"

"कोणतीही! डावीकडून, खालून!"

गुलाबरावांनी टिकास खाली ठेवली, खिशातून ब्रश काढला आणि विटेवरची धूळ झटकली. देवाशपथ झटकली. तेवढ्यात मॅडमनी तोंड उघडलं. आवाज उरला नव्हता, नुसती हवा. "सर, भिंतीचं ड्रॉइंग राहिलंय."

सरांनी गुलाबरावांच्या पायाजवळची टिकास उचलली आणि भिंतीत घातली. त्यांना टिकास धरता येत नव्हती, पहिला घाव तिरका बसला, पण वीट निघाली. मग दुसरी. ते पाहिल्यावर गुलाबरावांना जाग आली. "सरका सर, पाय तोडून घ्यान," असं म्हणत त्यांनी टिकास हिसकून घेतली, आणि मग ती भिंत जी निघाली! विटांमागून माती भसाभस पलीकडं सांडायला लागली. सुमन आणि बाकीच्या हातांनीच ओढत होत्या. मॅडमच्या छातीवरून माती उतरली तशी त्यांनी एक श्वास घेतला, बैल पाणी पितो तसा मोठा. मग खोकल्या. मग मला म्हणाल्या, "घमेलं काढा हो, दिसत नाहीये."

त्यांना भगदाडातूनच पलीकडं ओढून काढलं. मग मला काढलं. माझा गुडघा फिरला होता, तो आजही पायरी चढताना आठवण देतो. मॅडमच्या दोन बरगड्या मोडल्या. अँब्युलन्स अकोल्याहून आली. गाडीत घालताना मॅडम सरांना सांगत होत्या की फुटलेल्या विटा फेकू नका, नंबर घालून ठेवा. सर त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग मांडवामागं जाऊन बसले. आम्ही कोणी तिकडं गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. मांडव चांगला दिसत होता. साहेब फिरत फिरत भिंतीपाशी आले आणि भगदाडाकडं पाहून म्हणाले, "हे फार महत्त्वाचं दिसतं. हल्ल्याची खूण आहे का? कोणी फोडली असेल?"

सर काही बोलायच्या आत गुलाबराव म्हणाले, "मी, साहेब."

मग सरांनी सगळं सांगितलं. डंप काठावर टाकायला स्वतःच सांगितलं होतं, हेही सांगितलं. साहेबांनी ढीग पाहिला. नंतर मांडवात न बसताच गेले. पुढच्या वर्षीची परवानगी आली, उशिरा आली, आणि सोबत सूचना आली की डंप लांब टाकावा. ते आम्हाला आधीच माहीत होतं.

मॅडम पावसाळ्यानंतर परत आल्या. त्यांनी त्या भिंतीचं ड्रॉइंग केलं, भगदाडासकट, एकेक फुटकी वीट मोजून. मी टेप धरला होता.

खोदकामावर नवी माणसं येतात तेव्हा सर अजून तेच सांगतात, भिंतीवर पाय द्यायचा नाही. सरांचं झालं की मी पुढचं सांगते. काठावर माती टाकायची नाही, साहेब कोणीही येवो. आणि खाली माणूस अडकला तर भिंतीवरूनच यायचं. चपला घालून यायचं.

त्या दिवशी सेक्शन पडला तेव्हा ट्रेंचमध्ये दोघीजणी होतो, केतकी मॅडम आणि मी. दोघीही वाचलो.