तिला मराठीच कळत होतं

जनावर टाकायला येणारी माणसं सहसा सुट्टीच्या सकाळी येतात आणि गाडीचं इंजिन बंद करत नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बंगळूरमधल्या महादेवपुऱ्याच्या पलीकडच्या सरकारी प्राणी निवाऱ्यात शनिवार-रविवार मदतीला जायला लागले. हे मला तिथे कुणी सांगितलं नाही, बघून बघूनच कळलं. इंजिन चालू म्हणजे निर्णय घरीच झालेला. आमच्याशी बोलायचं ते फक्त सुटण्यापुरतं.

एका शनिवारी एक जोडपंही तसंच आलं. मोठी पांढरी गाडी, मागच्या सीटवर जुनी चादर, चादरीवर एक म्हातारी लॅब्रडॉर कुत्री. तोंडावरचे केस पांढरे झालेले, पण अंगावर एक गोचीड नाही, नखं कापलेली, कान स्वच्छ. पुढच्या टेबलाशी मी बसते. नवरा माझ्याशी इंग्रजीत बोलला. "सर्जापूर रोडला सापडली. बिचारी रस्त्यात फिरत होती."

मी काही बोलायच्या आत तो बायकोकडे वळला आणि आवाज न बदलता म्हणाला, "पट्टा काढून घे आधी. त्यावर आईचा नंबर आहे."

आमचं घराणं या गावात कित्येक पिढ्यांपासूनचं. आमच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्यांना ती ऐकून हसू येतं. पण मराठीच आहे ती.

"पट्टा राहू द्या," मी म्हणाले. "मला मराठी कळतं."

बायकोचा हात थांबला. नवऱ्याचा थांबला नाही. त्याने पट्टा सोडवला, खिशात टाकला आणि पुन्हा इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. आम्हाला ती सापडली आहे."

माझं डोकं असं फिरलं की मी उठून उभी राहिले. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. या डॉक्टर धारवाडकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एकदा कुत्रीकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "अक्का, भांडू नका. आत घ्या तिला."

निवाऱ्यातलं हे मला अजून गिळता येत नाही. खोटं बोलणाऱ्याशी आम्हाला गोड बोलावं लागतं. कारण आम्ही दोन शब्द सुनावले तर तो जनावर परत गाडीत घालतो आणि होसकोटेच्या पुढे हायवेवर दार उघडतो. तशी आलेलीही मी पाहिली आहेत, पाय चिरडलेली. म्हणून मी खाली बसले. "सापडली" असंच लिहून घेतलं. त्याने सही केली. ती दोघं निघाली तशी कुत्री गाडीकडे ओढ घ्यायला लागली. भुंकली नाही. नुसती ओढत राहिली, आणि गाडी वळून गेल्यावरसुद्धा फाटकाकडे तोंड करून उभी राहिली.

नव्याने आलेल्या जनावराला आमच्याकडे आधी वेगळं ठेवतात. रक्त तपासतात, जंताचं औषध, रेबीजची लस. तापबीप नाही ना, हे काही दिवस बघतात. रस्त्यावरची कुत्री असली तर नसबंदी करून, खुणेसाठी कानाला खाच पाडून, जिथून आणली तिथेच परत सोडतात. घरातून टाकलेल्यांचं तसं करता येत नाही. त्यांना रस्ता ओलांडणंही ठाऊक नसतं. त्यांना घर शोधावं लागतं, आणि तोवर जगवावं लागतं. हे जगवणंच अवघड. सांधेदुखी सोडली तर हिला कसलाच आजार नव्हता, पण ती खायला तयार नव्हती. भात-कोंबडी ठेवली, उकडलेली अंडी कुस्करून ठेवली. तोंड फिरवून भिंतीशी पडून राहिली. सगळे तिच्याशी कन्नडमध्ये बोलले, कुणी हिंदीत, कॉलेजच्या मुली इंग्रजीत. कुणाच्या बोलण्यावर तिचा कान हलला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तिच्या पिंजऱ्यात जाऊन बसले आणि म्हणाले, "काय गं, भूक नाही?"

तिने मान वर केली. "ये इकडे" म्हणाले तर आली. "बस" म्हणाले तर मागचे पाय दुखत असताना हळूहळू बसली. "खाऊन घे बाळा" म्हणाले, आणि तिने माझ्या हातातून अंडं खाल्लं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. कुणीतरी इतकी वर्षं हिच्याशी अशा आवाजात बोललं होतं, आणि ते कोण असणार हे पट्ट्याने सांगितलंच होतं. घरात एक आई होती. तिला यातलं काही माहीत नसणार.

त्याचं खोटं मग त्याच्याच अंगाशी आलं. "आम्हाला ठेवता येत नाही" असं त्याने खरं सांगितलं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सापडलेल्या जनावराचा फोटो आम्हाला लावावाच लागतो, मालक शोधावा लागतो. तो नियम आहे. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मोबाइल माझ्याकडे देत म्हणाल्या, "तुमच्या मराठी मंडळींच्यात पाठवा की, अक्का. नियमातच आहे." मी इकडच्या सगळ्या मराठी ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, कुत्रीला फक्त मराठी कळतं, घरच्यांनी संपर्क करावा.

पुढच्या शनिवारच्या आत फोन आला. थकलेला, नाशिककडचा आवाज. "शेजारणीने फोटो दाखवला हो. ती आमची आहे. पण ती तर शेतावर आहे ना? मुलगा म्हणाला, होसूरला मित्राचं शेत आहे, तिथे मोकळी फिरेल. मी लेकीकडे गेले होते, आले तर ही नाही. शेतावरून पळाली का?"

मी काय सांगणार होते? म्हणाले, "तुम्ही या. मग बोलू."

त्या एकट्या आल्या, रिक्षाने. कन्नड येत नाही, हिंदी मोडकं, तरी विचारत विचारत पोचल्या. सुती साडी, हातात डबा. मी त्यांना पिंजऱ्यांच्या रांगेकडे नेलं. त्यांनी दुरूनच नावाने हाक मारली. तोपर्यंत त्या कुत्रीला नुसतं उठतानाही त्रास व्हायचा, पण त्या हाकेसरशी ती जाळीवर पुढचे पाय टाकून उभी राहिली आणि असं ओरडली, की बाकीची सगळी कुत्री गप्प झाली. बाई जमिनीवर बसल्या. डब्यात दूध-पोळी होती. कुत्री खात होती आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत मला सांगत होत्या. नवरा गेला तेव्हा ही त्याच्या खाटेखालून दोन दिवस निघाली नव्हती. मग मुलगा म्हणाला, आई बंगळूरला ये, नातू लहान आहे. या म्हणाल्या, हिला आणते, तरच येते.

"म्हणजे नातवाला सांभाळायला आई हवी होती, म्हणून तेव्हा कुत्री चालवून घेतली," मी म्हणाले. मला गप्प बसता आलं नाही. गाडी, चादर, पट्टा, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग पिशवीतून फोन काढून त्यांनी मुलाला लावला. "मी हिच्यापाशी आहे. तू ये," एवढंच म्हणाल्या.

व्हाइटफील्डच्या ऑफिसातून तो आला तो गळ्यातलं ओळखपत्र न काढताच. आधी माझ्यावर चालून आला. "तुम्ही आमच्या घरात भांडण लावलंत. तुम्हाला काय गरज होती?"

"सापडलेल्या कुत्रीचा मालक शोधत होते," मी म्हणाले. "सापडला."

तो आईकडे वळला. "आई, मी तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. ती घरात घाण करते. सोसायटीत तक्रारी येतात. नवीन घराला सगळं लाकडी फ्लोअरिंग केलंय. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. कोण करणार?"

"मी करत होते," त्या म्हणाल्या. "तुला कधी फडकं हातात घ्यावं लागलं?"

"हा प्रश्न नाही. तू प्रॅक्टिकल विचार कर ना जरा."

डॉक्टर मध्ये पडल्या. त्यांना मराठी जेमतेम येतं, पण शब्द निवडून बोलल्या. "अज्जी, कुत्री तुमची आहे. तुम्ही नेऊ शकता. पण ज्यांनी टाकली त्या घरी पाठवायला माझं मन नाही. तुम्ही सांगा."

मला वाटलं होतं, बाई तिला घेऊन निघतील. मनातल्या मनात मी त्यांच्यासाठी रिक्षाही बोलावली होती. त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "नको. हा पुन्हा टाकेल. मी झोपले असताना टाकेल." मग आमच्याकडे वळून, "मला जायला दुसरी जागा असती तर आत्ता हिला घेऊन गेले असते. नाशिकचं घर विकून पैसे याच्या फ्लॅटला दिले. तुम्ही हिला चांगलं घर बघा. पण मला दाखवल्याशिवाय देऊ नका."

तो म्हणाला, "बघ, हेच मी म्हणत होतो." खरंच म्हणाला. आईच्या तोंडावरचा रंग गेलेला, आणि याला वाटत होतं त्याचं म्हणणं पटलं.

म्हाताऱ्या कुत्र्याला घर मिळवणं किती कठीण असतं हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवसांत माणसांची चीड आली ती वेगळीच. एकाने लॅब्रडॉर आहे एवढं ऐकून फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, पिल्लं देईल का? एक कुटुंब मुलांना घेऊन आलं. मुलांनी गळ्यात हात टाकले, तिनेही सोसून घेतलं, आणि मुलांची आई म्हणाली, "छान आहे, पण अजून किती जगेल? मुलांना नंतर त्रास होईल." एकीने केस गळतात का विचारलं. गळतात, मी म्हणाले. तुमचेही गळतात. डॉक्टरांनी मला आत पाठवून दिलं.

शेवटी व्हाइटफील्डच्या जुन्या वस्तीतलं एक वयस्क कन्नड जोडपं आलं. टॉवर उभे राहण्याआधीपासून तिथे राहणारे, बसकं घर, पुढे अंगण, अंगणात नारळ. त्यांचं स्वतःचं म्हातारं कुत्रं गेल्या वर्षी गेलं होतं. त्यांनी वयाचं विचारलंच नाही. गोळ्या कशातून घालायच्या ते विचारलं.

देण्याआधी आम्ही घर बघून येतो. फाटक लागतं का, साखळीला बांधणार आहेत का, उन्हात ठेवणार का, हे सगळं विचारतो. या वेळी बाईंना आणि कुत्रीलाही बरोबर घेऊन गेलो. घरच्या अज्जांनी कुत्रीला "कूत्को" म्हटलं. ती उभीच. बाई म्हणाल्या, "बस म्हणा." अज्जा म्हणाले, "बस." कुत्री बसली आणि अज्जी टाळ्या वाजवून हसल्या. मग दुपारभर बाई त्या दोघांना शिकवत होत्या. ये, बस, थांब, नको, खाऊन घे. मी मधे बसून कन्नड करत होते. "शाणी गं माझी" याचं मला कन्नड करता येईना. अज्जी म्हणाल्या, "असू दे, तसंच म्हणते." निघताना बाईंनी कुत्रीला "थांब" म्हटलं. ती थांबली. रिक्षात त्या मला म्हणाल्या, "बघा, मी सांगितलं म्हणून थांबली."

दर रविवारी त्या मेट्रोने तिकडे जातात. अज्जींबरोबर भाजी निवडत बसतात, एकीला दुसरीची भाषा येत नाही. कुत्री दोघींच्या मधे झोपते. तिचं मागचं दुखणं वाढलंय, आता किती काळ काढेल सांगता येत नाही. पण ती खाते.

दिवाळीनंतर मराठी मंडळाचा फराळाचा कार्यक्रम होता. तो मुलगा बायको-मुलासह आला होता. मला टाळेल असं वाटलं होतं. उलट हातात चकलीची प्लेट घेऊन हसत पुढे आला. "काकू, बघा, शेवटी सगळ्यांचं चांगलंच झालं ना? तिला अंगण मिळालं, आईलाही रविवारी बाहेर पडायचं निमित्त झालं."

आजूबाजूला चार माणसं उभी होती. मी म्हणाले, "तुमच्या आईने राहतं घर विकलं, आणि त्यांना स्वतःच्या कुत्रीला भेटायला मेट्रोने परक्यांच्या घरी जावं लागतं. याला तुम्ही चांगलं झालं म्हणता?"

त्याच्या बायकोने मान खाली घातली. त्याने घातली नाही. "तुम्ही फार इमोशनल आहात, काकू," म्हणाला आणि दुसऱ्या घोळक्यात गेला. कुणीतरी माझ्या कोपराला हात लावून म्हणालं, जाऊ द्या हो, सणाचे दिवस आहेत. मंडळाच्या चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सुचवलं, की आपल्या माणसांबद्दल चारचौघांत बोलताना जरा सांभाळून बोलावं.

मी सांभाळून बोलणार नाही. त्यांना तसं सांगितलं आणि फोन ठेवला.