खारवीण आणि चिखलातला कुत्रा

पन्नास सालच्या सुमारास मी जयगडला शिक्षक होतो. संध्याकाळी बंदरावर एक खारवीण मासे विकायला बसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतलेला कुत्रा तिने ओढून काढला. नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. तिने पेज दिली, भाकरी कुस्करून दिली. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा.

"सोड गो, मरणार तो," शेजारची म्हणाली.

"मराचा असता तर चिखलातच मेला असता," असं म्हणून ती उकडलेल्या बांगड्याचे काटे काढायला बसली. गिऱ्हाईक ताटकळलं तरी उठत नसे. एक घास स्वतःच्या तोंडात, एक त्याच्यापुढे. एखाद्या दिवशी तो थोडं खाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा मान फिरवी. ती मात्र रोज नव्याने काटे काढी.

पावसाळा सरून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. एके दिवशी मी तिच्याकडची सुरमई पसंत केली, तेवढ्यात कुत्र्याने ती पाटीतून उचलून धूम ठोकली. मी ओरडत मागे धावणार, तोच तिने आडवा हात घातला. तिचे डोळे भरून आले होते.

"धावू नका, गुरुजी. घाबरून टाकील तो. खाऊ दे पोटभर."