ऑपरेशनच्या दिवशी आलेला मेंदीचा वास

भूत, लागीर, बाहेरचं... मी कधीच मानलं नाही. नवऱ्याला फिट आली की सासूबाई कांदा फोडायच्या आणि मी चप्पल नाकाला लावायचे, एवढंच. त्यानं काही होत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तेही सोडलं. तरी जे घडलं ते लिहितेय.

आम्ही संभाजीनगरचे. नवरा शेंद्र्याला कंपनीत — फिट्समुळे त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवलं होतं. प्रत्येक फिटच्या आधी त्याला ओल्या मेंदीचा वास यायचा. मग कोपऱ्याकडे बघून असा काही हसायचा... आणि म्हणायचा, "आली." कोण? तर म्हणे एक बाई, हातभर मेंदी लावलेली! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे बघून तो तसा एकदाही हसला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या एका जागेचा खेळ आहे. असेल. पण माझा नुसता जळफळाट व्हायचा. खरं सांगते, चप्पल मी जरा जास्तच दाबायचे — तिला लागावी म्हणून.

शेवटी ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या मॅडमनी समजावलं, "मेंदूवर तारा ठेवून तिथल्या विजेचा आलेख बघणार. तेवढ्यापुरती भूल हलकी करू. बिघडलेली जागा आलेखात उसळली, की तेवढीच काढायची."

मी बाहेर बाकावर. भर दुपार. आणि अचानक ओल्या मेंदीचा वास... अगदी शेजारून! आसपास कुणाच्याच हाताला मेंदी नव्हती. खरं तर घाबरायला हवं होतं, पण माझं डोकंच फिरलं.

"इथं काय करायलीस? जा की आत त्याच्यापाशी, लई हौस ना तुला!"

माझा आवाज ऐकून नर्स दारातून डोकावली. वास गेला.

नंतर मॅडम बाहेर आल्या. "छान झालं सगळं. मध्ये भूल कमी करूनही आलेख शांतच होता, जागाच सापडेना. मग एकदम उसळला, आणि तेवढी जागा काढली."

"कधी?"

"तुम्ही ओरडलात ना, नर्स बघायला आली... त्याच सुमाराला."

मॅडम म्हणतात, योगायोग. तेव्हापासून फिट नाही. तो परत मशीनवर गेलाय. ती बाई त्याला आठवतसुद्धा नाही.

परवा पंचमीला गुलमंडीतून मेंदी आणली, कोपरापर्यंत लावली आणि ओले हात त्याच्या नाकापुढं धरले — चप्पल धरायचे तिथंच.

"लई रंगंल बघ," म्हणाला आणि मोबाईलकडे वळला.

तिला मीच आत पाठवलं, कायमचं. पण ते हसू तीच घेऊन गेली.