हॅमस्टरना अहो म्हणणाऱ्या आपा

आपा हॅमस्टरना अहो-जाहो करायच्या आणि आम्हाला अरे-तुरे. पिंजऱ्याचं झाकण उघडून, हातमोज्यातला तळवा आत पसरून त्या म्हणायच्या, "या साहेब. वजन करू. फार वेळ घेत नाही तुमचा." तेवढ्यात माझ्या हातून काही पडलं, तर त्याच तोंडानं, "हाताला लोणी लावून आलीस का गं?" एकदा मी विचारलं, हा मान आम्हाला का नाही? म्हणाल्या, "तू अर्ज करून आलीस. त्यांना कोणी विचारलं होतं?"

आपा आमच्या प्रयोगशाळेतल्या पशुवैद्यक. पूर्ण नाव मोठं होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मंडईमागच्या घरात थोरले भाऊ मुनीरभाई आणि भाभी यांच्याबरोबर त्या राहायच्या. मी तेव्हा नुकतीच भंडाऱ्याहून पुण्यात आले होते. काम कुठवर आलं असं त्यांनी विचारलं की मी सवयीनं म्हणायची, "करून राहिली ना, आपा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "करून राहू नकोस. करून टाक."

आमचं काम सांगायला सोपं होतं. करोनाचा नवा व्हेरिएंट आला की तो आणि त्याच्या आधीचा, असे दोन्ही हॅमस्टरांच्या वेगवेगळ्या गटांना नाकावाटे द्यायचे. मग रोज वजन करायचं, कारण आजारी हॅमस्टर खाणं सोडतो. शेवटी त्यांना कायमचं झोपवून फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. सूज कुठं आहे, किती भाग खराब झालाय, यावरून दोघांत घातक कोण ते ठरवायचं. झोपवायचं काम आपा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्या दिवशी त्यांचा डबा न उघडता घरी परत जायचा.

फुप्फुसांच्या काचपट्ट्या तपासताना कोणती पट्टी कोणत्या गटाची, हे आपल्याला कळता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. नावांवर चिकटपट्टी लावायचं काम माझ्याकडं. "माझे डोळे रोज सकाळी पेपर वाचून येतात," त्या म्हणायच्या. "त्यांच्यावर भरवसा नको."

दुसऱ्या लाटेत मुनीरभाई ऑक्सिजनवर होते. ते वाचले, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. मंडईतल्या फळांच्या गाळ्यावर बसत, मात्र घरचा जिना चढताना मध्येच टेकावं लागे. रोज संध्याकाळी ते आपांना चिडवायचे, "काय म्हणतात तुझे उंदीर?"

मग तो नवा व्हेरिएंट आला, झपाट्यानं पसरणारा. आमच्या हॅमस्टरांना मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही. वजनं जेमतेम घटली. फुप्फुसांत थोडे डाग दिसले, तेही मोजक्यांच्याच. साहेब खूश झाले. बैठकीत म्हणाले, "आजार सौम्य आहे असं सांगून टाकू. लोकांना धीर हवाय, आपा."

"धीर तुमच्या नावानं द्या," आपा म्हणाल्या. "हॅमस्टरांच्या नावानं नको. ही सगळी तरुण, धडधाकट जनावरं. यांना ना शुगर, ना दमा. म्हाताऱ्या हॅमस्टरांवर करून बघू, मग बोलू."

साहेबांना ते रुचलं नाही, पण त्यांनी ऐकलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

टीव्हीवाले थांबणार नव्हतेच. 'सौम्य' हा शब्द घराघरांत पोचला होता. मुनीरभाईंच्या जुन्या दोस्ताच्या मुलीचं कोंढव्यात लग्न होतं. कपडे करून तयार झाल्यावर त्यांनी बहिणीला विचारलं, "जाऊ ना?"

"अजून आम्हाला माहीत नाही, भाईजान. नका जाऊ."

"तुला कधीच काही माहीत नसतं," ते हसून म्हणाले आणि गेले.

लग्नाहून आल्यावर आठवड्याच्या आत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले नाहीत.

हे सगळं आपांनीच मला सांगितलं, कामावर परतल्या त्या दिवशी, सूक्ष्मदर्शक पुसता पुसता. म्हाताऱ्या हॅमस्टरांच्या काचपट्ट्या तयार होत्या. त्यांनी त्या तपासल्या, एकेक, नेहमीच्या सावकाशीनं. शेवटची झाल्यावर म्हणाल्या, "काढ पट्ट्या."

मी चिकटपट्ट्या काढल्या. नवा व्हेरिएंट म्हाताऱ्या हॅमस्टरांतही आधीच्यापेक्षा सौम्यच निघाला होता.

साहेब स्वतः खोलीत आले. खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाले, "आपा, तुम्हाला जड जात असेल तर थोडं थांबू. सहीची घाई नाही."

"जड कशाला जाईल? दिसतंय ते दिसतंय." त्यांनी चष्मा काढला. "मुनीरभाई माझे भाऊ होते, साहेब. नमुना नव्हते."

अहवालात त्यांनी शेवटी एक वाक्य घातलं: ज्यांची फुप्फुसं आधीच दुखावलेली आहेत, त्यांच्याबद्दल या प्रयोगातून काहीही सांगता येत नाही. मग सही केली आणि मला म्हणाल्या, "आज माझ्याबरोबर घरी चल." त्यांनी पहिल्यांदाच मला असं काही मागितलं होतं.

भाभी दिवाणावर बसल्या होत्या. आपा चप्पल काढून दारातच उभ्या राहिल्या.

"झालं तुमचं काम?" भाभींनी विचारलं.

"झालं."

"मग? सौम्य होता का?"

मी जमिनीकडं पाहत राहिले. आपांनी मात्र नजर हलवली नाही. "होता, भाभी. बहुतेकांना."

खाली मंडईतून गाळेवाल्यांचे आवाज येत होते. "बहुतेकांना," भाभी स्वतःशीच म्हणाल्या. मग, "बाकीच्यांचं लिहिलंत?"

"लिहिलंय. एक ओळ."

भाभींनी थोडं सरकून दिवाणावर जागा केली. आपा शेजारी बसल्या. त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन भाभी ते उलटसुलट पाहू लागल्या. वर्षानुवर्षं हातमोजे आणि जंतुनाशकं यांनी बोटं पार फुटली होती. मी रोज त्यांच्या शेजारी काम करत होते, पण माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"काय करून घेतलंस हे," भाभी म्हणाल्या. उठून त्यांनी आतून खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेक बोट चोळायला घेतलं. आपांनी हात मागं घेतले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात भाभींच्या हातात असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं.