मराठीत ओरडायची सोय

मला कुणी कसं वागायचं ते शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते. पंचवीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत काढली. "मॅडम, जरा हळू बोला" म्हणणारे किती साहेब आले आणि किती बदलून गेले. मी आहे तिथेच आहे आणि आवाजही आहे तेवढाच आहे.

तर त्या दिवशी मुलीच्या सामन्याला गेलो, तेव्हा पानिपतच्या त्या कॉलेजच्या फाटकावर हा एवढा मोठा फ्लेक्स लावलेला. प्रेक्षकांनी कसं वागावं. शिवीगाळ करू नये, पंचांशी हुज्जत घालू नये, समोरच्या खेळाडूबद्दल वैयक्तिक बोलू नये. खाली कुणा पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. मी भाच्याला म्हटलं, "आधी हा पाळतो का विचार." भाचा आणि त्याच्या खोलीवरचे चौघे माझ्याबरोबर आले होते. कलेक्टर व्हायला गावाकडून दिल्लीत आलेली पोरं. अभ्यासाला सुट्टी मिळते म्हटल्यावर ती कुठल्याही मैदानावर यायला तयार असतात. येताना सबंध हायवेभर "चला पानिपतला, बदला घेऊ" हा एकच विनोद चालला होता. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी त्यांना गप्प केलं.

माझी मुलगी कॉलेजच्या खो-खो संघाची कॅप्टन. तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. समोरचा संघही त्याच युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या कॉलेजचा होता, आणि त्या सामन्याला युनिव्हर्सिटीचे निवड करणारे लोक येऊन बसणार होते. त्यातून पुढच्या देशपातळीच्या स्पर्धेसाठी मुली निवडायच्या होत्या. मागची दोन वर्षं तिचं नाव थोडक्यात हुकलं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमागे एक मोकळा पट्टा होता, तिथे ती दहा वर्षांची असल्यापासून दोन खांब रोवून एकटी पळायची. तिला दुसरं काही नको होतं. ना नवे कपडे, ना वाढदिवस. युनिव्हर्सिटीचा तो शर्ट तेवढा हवा होता, आणि त्यासाठी आता फक्त हा एक दिवस उरला होता.

आणि तिला भीती होती ती माझी. उगाच कशाला लपवू? आधीच्या सामन्यात मी पंचाला हिंदीत चार शब्द सुनावले होते. आंधळा आहेस का, पैसे खाल्लेस का, असलंच काहीतरी. त्या पंचाने मला काही केलं नाही. त्याने सरळ जाऊन माझ्या मुलीला पिवळं कार्ड दाखवलं. म्हणे नियम असा आहे, की सोबत आलेल्या माणसांच्या वागण्याला कॅप्टन जबाबदार. आणखी एकदा तसं झालं, तर कॅप्टन त्या सामन्यातून बाहेर. ओरडणार मी आणि भोगणार ती, हा कुठला न्याय? मला आजही हा नियम पटत नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. "आई, तू येऊच नकोस ना यार."

"मी येणार. तुझी आई आहे मी."

"मग पंचांना काही बोलायचं नाही. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं. पंचांना काही बोलायचं नाही, बस. बाकीच्यांबद्दल ती काही बोलली नव्हती.

आता दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाची एक सवय सांगते. बाहेर आम्ही सगळे हिंदी बोलतो, पण कुणाबद्दल वाईट बोलायचं झालं की लगेच मराठीवर येतो. त्याच माणसासमोर, त्याच्या तोंडावर. मेट्रोत समोर बसलेल्या बाईच्या साडीबद्दल, सरोजिनीच्या बाजारात लबाड दुकानदाराबद्दल, ऑफिसच्या लिफ्टमध्ये साहेबाच्या पोटाबद्दल. चेहरा हसरा ठेवायचा आणि बोलायचं. कुणाला कळतंय? माझ्या मुलीला हे मीच शिकवलं. लहानपणी तिला त्याची फार मजा वाटायची. दहावीनंतर कधीतरी तिने ते बंद केलं. मला वाटलं, शब्द विसरली असेल, दिल्लीत वाढलेल्या पोरांचं होतं तसं.

सामना सुरू झाला. आमची बाजू आधी पाठलागावर होती. आमच्या आठ पोरी रांगेत बसलेल्या, एक पाठलाग करणारी, आणि समोरच्या तिघी मैदानात. पहिल्या दोघी फार टिकल्या नाहीत. तिसरी मात्र नऊ नंबरचा शर्ट घातलेली काळीसावळी काटकुळी पोर होती. ती काही केल्या हातालाच लागेना. खांबापाशी जायची आणि अशी हुलकावणी द्यायची की आमची पोर तोंडावर आपटायची. एक मिनिट झालं. दोन झाली. तिकडे मांडवात निवड करणारे लोक पुढे सरकून बसले. ते माझ्या मुलीकडे बघत नव्हते, त्या नऊ नंबरकडे बघत होते.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि मराठीत सुरू केलं.

काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. थोडं लिहिते, नाहीतर मी स्वतःची बाजू सांभाळतेय असं होईल. "ए काळतोंडे, घरी जेवायला मिळत नाही म्हणून पळत सुटलीस का?" असं म्हणाले. "आईबापाला जड झाली म्हणून सोडली वाटतं उंडारायला," असं म्हणाले. तिच्या दातांबद्दल बोलले. "कुठून उचलून आणली ही अवदसा," असं दोनदा म्हणाले. भाच्याला आणि त्याच्या दोस्तांना तर उधाण आलं. ते माझं एकेक वाक्य उचलायचे आणि पाचजण मिळून तालात म्हणायचे. आजूबाजूचे हरियाणवी लोक आमच्याकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं, आम्ही आमच्याकडचं काही गाणं म्हणतोय. मला तर भारीच वाटत होतं. नियम पाळलाही आणि मन मोकळंही केलं.

नऊ नंबरने एकदा वर पाहिलं. मग परत एकदा. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिचा पाय खांबापाशी अडखळला, आणि माझ्या मुलीने सूर मारून तिला बाद केलं. मी टाळ्या पिटल्या. माझी मुलगी उठली, कोपराची माती झटकली, पण तिने वर माझ्याकडे बघितलं नाही. नऊ नंबर तिथेच खांबाला धरून उभी होती.

मी शाळेत सात वर्षं खो-खो खेळलेली बाई. सांगलीकडची. हा खेळ आमचा, हे मी दिल्लीतल्या प्रत्येक माणसाला ऐकवत आले. आमच्याकडच्या पोरी खेळाच्या कोट्यातून कुठल्या कुठल्या कॉलेजांत जातात, तेही अभिमानाने सांगत आले. आणि खो-खोच्याच मैदानावर उभी राहून मी मराठीत शिव्या देत होते, कुणाला कळतंय म्हणून. कबड्डी नाही, हॉकी नाही, खो-खो. एवढी ठार मूर्ख मी कशी झाले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मध्यंतर झालं. पाण्याच्या जारपाशी माझी मुलगी आणि ती नऊ नंबर बोलताना दिसल्या. मग माझी मुलगी एकटीच पंचांच्या टेबलाकडे निघाली. मला वाटलं, त्या पोरीने काहीतरी आगळीक केली असणार आणि ही तक्रार करायला चालली आहे. शाब्बास, म्हटलं. तिला जोर यावा म्हणून मीही खाली उतरून टेबलापाशी गेले. नऊ नंबरही मागून आली होती.

मुख्य पंच एक उंच बाई होत्या, पानिपतच्याच असाव्यात. माझी मुलगी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी होती, शाळेत शिक्षा झालेली मुलं उभी राहतात तशी. ती हिंदीत सांगत होती.

"मॅम, हमारी तरफ़ के लोग इसको गालियाँ दे रहे हैं. मराठी में."

"क्या बोले?"

आणि तिने सांगितलं. एकेक वाक्य, थांबत थांबत, हिंदी करून. घर में खाना नहीं मिलता क्या. माँ-बाप पर बोझ थी क्या. दातांचंही सांगितलं. मी बोलले होते तेव्हा ती वाक्यं किती झणझणीत वाटली होती. माझ्या मुलीच्या तोंडून हिंदीत ऐकली, तर नुसती घाण होती. टेबलाशी बसलेल्या पोऱ्यांनीसुद्धा माना खाली घातल्या.

मग ती अडली. "और एक वर्ड था, अवदसा. वो मुझे नहीं पता." ती माझ्याकडे वळली. मी मागे उभी आहे हे तिला माहीत होतं. "आई, अवदसा म्हणजे काय?"

 आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलायला सांगत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

"मनहूस," नऊ नंबर म्हणाली. हिंदी बोलत होती, पण हेल अगदी आमच्या सांगलीकडचा. "मॅम, मतलब ऐसी लड़की, जिसके पैर पड़ने से घर का सत्यानाश हो जाए." तिने तो अर्थ सरळ उभं राहून सांगितला, तोंडी परीक्षेत सांगावा तसा.

पंचबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आपने बोला ये?"

आणि मी काय केलं? मी खोटं बोलले. "नहीं जी, मैं तो अपनी बेटी का हौसला बढ़ा रही थी."

"बोला है," माझी मुलगी म्हणाली. "मेरी मम्मी हैं."

पंचबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. "बेटा, तेरे ऊपर पहले से कार्ड है. बाहर तू जाएगी. पता है ना?"

"पता है, मॅम."

तिने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि जाऊन कडेला बसली. मला मैदानाबाहेर जायला सांगितलं. मी जाताना पंचबाईंना म्हटलं, हा कसला नियम, सरळ पोरीला शिक्षा करता. त्यांनी हाताने फाटक दाखवलं. भाचा आणि त्याचे दोस्त फाटकापाशी उभे होते. एकाने "मावशी, पाणी" म्हणून बाटली पुढे केली, मी ती उडवून लावली. आतून खो-खो ऐकू येत होतं आणि त्यात माझ्या मुलीचा आवाज नव्हता. आम्ही तो सामना हरलो.

परत येताना ती संघाच्या बसने आली. घरी आल्यावर तिने कपडे धुवायला टाकले, जेवली, झोपली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. आठवडाभर ती माझ्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलली, आणि मी चरफडत राहिले. स्वतःच्या आईला चारचौघांत उभं केलं, हे मी हिच्या बापाला फोनवर दहा वेळा ऐकवलं. त्याची बदली भोपाळला झालेली, तो तिकडून हूं हूं करत राहिला.

मग यादी आली. ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर ठेवला. मी हात पुसून वाचली. तिचं नाव नव्हतं. नऊ नंबरचं होतं.

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. माझं हे असंच आहे, आधी राग येतो. मी म्हटलं, "तू त्या दिवशी टेबलाकडे गेली नसतीस तर आज तुझं नाव असतं यात. कुणाला काही कळलं नव्हतं. पंचाला नाही, लोकांना नाही. त्या एका परक्या पोरीला कळलं, तर त्यासाठी तू सगळं घालवलंस?"

तिने मोबाइल उचलला. आवाज चढवला नाही.

"फक्त तिला नाही," ती म्हणाली. "तुझं ते सगळं ऐकत मी पाठलाग करत होते. मला पण मराठी कळतं, आई."