उजनीच्या बेटावरची शिडाची मंडळी

चार माणसं आणि एक होडी एकत्र आली की किस्से आपोआप साठतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या क्लबात तर माणसं जास्त आणि होड्या कमी, त्यामुळे किस्से उरतात. कुणाचं बारसं असो की वास्तुशांत, आमच्यातले दोघं भेटले की तिसरा म्हणतोच, "ते लग्नाचं सांग की!"

आधी क्लब कुठला ते सांगते. उजनीचं पाणी इंदापूर तालुक्यात जिथं आत घुसलंय, तिथं पूर्वी एक टेकडी होती. धरण भरलं, चहूबाजूंनी पाणी आलं आणि टेकडीचं बेट झालं. बेटावर आमच्या गावच्या तात्यांची थोडी जमीन, चार बाभळी आणि एक पत्र्याची शेड. ती शेड म्हणजे आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब. मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. रविवार उजाडला की स्कूटर काढते आणि थेट काठ गाठते. घरचे म्हणतात, हिला पाण्यानं झपाटलंय. खरं आहे ते.

आता लग्नाचं.

तात्या नेव्हीतून निवृत्त होऊन गावी आले होते. एका मासेमाराची जुनी होडी त्यांनी डागडुजी करून घेतली, वेळूची डोलकाठी उभी केली आणि ट्रॉलीवरची ताडपत्री शीड म्हणून बांधली. पहिल्या फेरीला तात्या, मी आणि आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या गावातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष. क्लब निघणार म्हटल्यावर ते विचारायच्या आधीच अध्यक्ष झाले होते.

ताडपत्रीत वारा भरला आणि होडी अशी सुटली की मी दोन्ही हातांनी कड धरली. आयुष्यात इतकं भारी काही वाटलं नव्हतं. काठ मागं पडला, बेट मागं पडलं, आणि आम्ही थेट पलीकडच्या तीराला जाऊन लागलो. तिथं मांडव होता. आम्हाला उतरताना पाहून चार माणसं धावत आली, "या या, नवरदेवाकडची मंडळी आली," म्हणत तात्यांना आणि आप्पांना फेटे बांधले. आप्पांना माईक दिसला. मग काय, नवरानवरीचं नाव न घेता त्यांनी मोठा झकास आशीर्वाद दिला.

पंगतीत बसल्यावर आप्पांनी हळूच विचारलं, "तात्या, माघारी कसं जायचं? वारा तर हिकडंच येतोय."

"वारा फिरंपर्यंत थांबायचं."

"आन न्हायच फिरला तर? तुमी नेव्हीत व्हता ना? उलट्या वाऱ्याला होडी कशी न्यायची, ठावं न्हाय व्हय?"

तात्यांनी जिलबी संपवली, हात पुसला आणि म्हणाले, "मी नेव्हीत स्वयंपाकी व्हतो."

त्यानंतर तात्यांनी पुस्तकं मागवली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, आणि आम्ही सगळे मिळून पडत-झडत शिकलो. पण खरं शीड हवं होतं. इंदापुरात एक टेलर होता, शाळेचे गणवेश शिवणारा. तात्यांनी त्याला कापड दिलं, कागदावर चित्र काढून दिलं आणि सांगितलं, "हितं, हितं आन हितं खिसे पायजेत." शिडाला खिसे असतात, त्यात लांब पट्ट्या सरकवतात, म्हणजे शीड ताठ राहतं. टेलरनं विचारलं, "खिशाला झाकण ठिवू का?" तात्या घाईत होते, म्हणाले, "ठेव."

शीड आलं. एकदम देखणं, पांढरंशुभ्र. आणि त्यावर शर्टाला असतात तसे तीन खिसे, झाकण आणि बटणासकट. वरच्या खिशावर तर पेन अडकवायला जागाही ठेवलेली. आप्पा खूश झाले. पट्ट्यांचे लांब खिसे आम्ही नंतर हातानं शिवले, पण ते तीन खिसे उसवायला आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. खालच्या खिशात ते आजही सुपारी ठेवतात.

आप्पांचीच पुढची गोष्ट. तात्यांनी नियम काढला, ज्याला पोहता येत नाही त्याला मेंबर होता येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पा एकटेच सुपारी कातरत राहिले. मग कळलं की अध्यक्षांना पोहताच येत नाही. लग्नाच्या फेरीला ते आमच्याबरोबर गेले होते ते नुसत्या हिमतीवर!

कुणीतरी म्हणालं, आप्पांपुरता नियम सोडू. तात्या म्हणाले, "पाणी सोडतंय व्हय?"

आप्पा उठून गेले आणि उन्हाळाभर, मग पावसाळाभरही दिसले नाहीत. आम्हाला वाटलं, रुसले. मलाही वाईट वाटत राहिलं, कारण आप्पांशिवाय बेट सुनं वाटायचं. पावसाळा सरल्यावर ते एक दिवस काठावर आले, धोतर काढून ठेवलं, खाली चड्डी, आणि म्हणाले, "होडी लांब नेऊन हुबी करा."

ते शिरले पाण्यात. हात कुठंही पडत होते, तोंडात पाणी जात होतं, तात्या शेजारून दुसरी होडी घेऊन चालले होते. काठावर निम्मं गाव जमलं होतं. आप्पांनी होडीची कड धरली तेव्हा माझे डोळे भरून आले. ते लोंबकळत धापा टाकत राहिले. आप्पांना बोलता येत नाहीये असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

दम खाल्ल्यावर पहिलं वाक्य बोलले, "सूनबाईलाबी मेंबर करून घ्या. घरच्या हिरीत पाठीला डबा बांधून तिनंच शिकिवलं."

आमचे कारखान्यातले साहेब मालवणकडचे. मी रजा मागायला गेले. कारण विचारलं, तर सांगितलं, शिडाच्या होड्यांची शर्यत आहे.

"इंदापुरात समुद्र कधी आला?" त्यांनी विचारलं. रजा दिली, पण खात्री करायला स्वतः हजर झाले. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर गॉगल. काठावर उभं राहून त्यांनी आम्हाला त्यांच्या आजोबांची गलबतं, कोकणातलं वादळ असं बरंच काही सांगितलं. आम्ही भारावून ऐकत होतो. मग तात्यांनी त्यांना होडीत बसवलं. बेट यायच्या आत साहेबांचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला.

तात्या म्हणाले, "साहेब, आपल्याकडं तर लाटाबी न्हाईत."

साहेबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "आईनं मला कधी होडीत बसू दिलं नाही हो. ही पहिलीच वेळ."

आता दर रविवारी येतात. खिशात लिंबू असतं.

एक गोष्ट मात्र हसून सांगता येत नाही. बाबूराव आबा म्हणून एक म्हातारे गृहस्थ, त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं. ते काठीवर रेलत आले आणि मेंबर करा म्हणाले. तात्यांनी पोहण्याचा नियम सांगितला. आबा म्हणाले, "पव्हता येतंय की. उठता येत न्हाय एवढंच."

आम्ही त्यांना पाहुणे म्हणून नेलं. आबा कधी लांबच्या डोंगराकडं बघायचे, कधी काठावरच्या लिंबाच्या झाडाकडं, आणि हातानं दिशा दाखवायचे. मधेच म्हणाले, "हितं." आम्ही शीड उतरवलं. सगळीकडं सारखंच पाणी. आबांनी वाकून पायातल्या चपला काढल्या, शेजारी नीट ठेवल्या आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "या, आत या. च्या टाकायला सांगतो."

तात्या मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सावकाश हुंद्या आबा. आमाला गडबड न्हाय."

आणि आता अक्कांचं. अक्का म्हणजे तात्यांच्या मंडळी. इतक्या वर्षांत त्या शिडाच्या होडीत कधी बसल्या नव्हत्या. बेटावर यायच्या तेही वल्ह्याच्या होडीतून, पदर डोक्यावर घट्ट धरून. तात्या शेडमध्ये आम्हाला पुस्तकातलं समजावून सांगायचे, तेव्हा त्या शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या.

दिवाळीनंतर आमची शर्यत असते, बेटाला फेरी मारून परत यायचं. एका होडीत दोघं. त्या वर्षी तात्यांच्या जोडीदाराला ताप आला. होडीत दुसऱ्या माणसाचं वजन तर पाहिजे. तात्या म्हणाले, "आगं, चल. नुसतं बसायचं." अक्कांनी पदर खोचला, लाइफ जॅकेट घातलं आणि बसल्या.

शिट्टी वाजली. वारा असा मस्त सुटला होता की तिन्ही होड्या कलत्या होऊन पळत होत्या. मी आणि आप्पा मागंच होतो, आणि पुढच्या होडीतून तात्यांचा आवाज येत होता. "हिकडं सरक. आता तिकडं. आगं तिकडं म्हंजी तिकडं." बेटाचं टोक आलं, तात्यांनी होडी वळवली, शिडाखालचा आडवा दांडा गर्रकन फिरला, तात्यांच्या डोक्याला लागला आणि तात्या पाण्यात.

आम्ही होडी तिकडं घातली, आप्पांनी तात्यांना कॉलर धरून वर ओढलं. टेंगूळ आलं होतं, बाकी ठीक. ते उठून बसले आणि ओरडायला लागले, "आगं, दोरी सोड, होडी थांबंल! भिऊ नगो, आमी येतोय!"

अक्कांनी शिडाची दोरी सोडली नाही. त्यांनी ती ओढून घेतली, सुकाणूवर हात टेकवला आणि होडीच्या उंच बाजूला सरकून बसल्या. शीड ताठ झालं. होडी पाणी कापत निघाली. साहेबांची होडी पुढं होती, तिलाही मागं टाकलं. तात्यांचं ओरडणं मधेच थांबलं.

काठावर लोकांनी टाळ्या, शिट्ट्या, सगळा कालवा केला. अक्कांनी शीड उतरवलं, त्याची नीट घडी घातली आणि उतरल्या. मागून आम्ही पोचलो. तात्या गुडघाभर पाण्यातूनच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, निथळत.

"तुला हे कुणी शिकिवलं?"

अक्कांनी पदर सोडवला आणि त्यांच्या हातात दिला.

"आदी डोस्कं पुसा."