काजळीची काच

मी वसईतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा पुसते. परीक्षेच्या सकाळी टेबलावरची काळी काच घाण समजून मी घासली. बाहेरून आलेले परीक्षक ती शोधू लागले, तेव्हा कळलं, काजळी मुद्दाम धरली होती. आता काम जाणार, असं वाटलं.

ते ओरडले नाहीत. मेणबत्तीवर दुसरी काच काळी केली, ब्लेडने दोन रेघा ओढल्या, लेझर सोडला. भिंतीवर कितीतरी पट्टे पडले.

मी भीतभीत विचारलं, “उजेड कुठल्या रेघेतून गेला?”

“उजेडाचा एकेक कण सोडला तरी असेच पट्टे पडतात, मावशी. कुठून गेला ते पाहिलं की पट्टे जातात. का, ते सांगायची मलाही भीती वाटते.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. “काच कोणी पुसली?”

माझ्या काळ्या फडक्याकडे बघत ते म्हणाले, “मी पाहिलं नाही.”

मॅडम गेल्या, तसं मी फडकं धुवायला घेतलं.